आजोबांच्या वेताच्या खुर्च्या: बैठक पुन्हा हाताने विणायची आहे (सोलापूर)

सातरस्ता · २ मार्च, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. आमच्याकडे जेवणाच्या टेबलाच्या सहा सागवानी खुर्च्या आहेत. आजोबा गिरणीत हेडक्लार्क होते. त्यांच्या साहेबांची बदली झाली तेव्हा बंगल्यातलं सामान विकायला निघालं, त्यात या खुर्च्या आजोबांनी घेतल्या आणि बैलगाडीत घालून घरी आणल्या. टेबल मात्र आमच्या वाड्याच्या दारातून आत जाईना, म्हणून ते तिथेच राहिलं. त्यामुळे पन्नास वर्षं या जेवणाच्या खुर्च्यांवर बसून आमच्या घरात कोणी जेवलंच नाही. जेवण पाटावर, आणि खुर्च्या पाहुण्यांना.

आता जुळे सोलापूरला फ्लॅट घेतलाय, टेबलही केलंय. या खुर्च्यांवर बसून घरच्यांनी जेवावं अशी माझी फार इच्छा आहे. पण अवस्था अशी: दोघींची बैठक पूर्ण फाटलेली, दोघींची मधोमध झोळ आलेली, एकीवर कोणीतरी प्लाय ठोकलाय, आणि एकच शाबूत. शाबूत खुर्ची उलटी करून पाहिली तर चौकटीला चारी बाजूंनी भोकं आहेत. पुढे ३५, मागे २९, आणि कोपरे सोडून दोन्ही बाजूंना ३०-३०. प्रत्येक भोकातून वेत वर आलाय आणि शेजारच्या भोकातून खाली गेलाय. हे सगळं हाताने केलंय, हे पहिल्यांदाच लक्षात आलं.

दोन सुतारांना दाखवलं. दोघेही म्हणाले, "मॅडम, प्लाय टाकून वर फोम मारू, दोन दिवसांत देतो." वेत विणणारं आता कोणी नाही म्हणाले. खरंच नाही का? आणि स्वतः शिकून जमेल का?

शेंगाचटणी · २ मार्च, रात्री ९:५२
फोटो टाका की ताई!

उन्हाळा४४ · २ मार्च, रात्री १०:१५
सुतार बरोबर सांगतायत. घरात लहान मुलं असतील तर वेत वर्षभरात फाटतो. मुलं बैठकीवर गुडघा टेकून उभी राहतात, सगळं वजन एका जागी येतं आणि वेत तुटतो. आमच्याकडे हेच झालं. प्लाय-फोमवर कापड बदललं की खुर्ची नवी.

रंधा · २ मार्च, रात्री ११:०५
ताई, आधी एक विनंती. शाबूत खुर्चीला हात लावू नका, तोच तुमचा नकाशा आहे. आणि कोणालाही त्या चौकटीत खिळा मारू देऊ नका. बैठक फाटणारच असते, ती पुन्हा विणायची असते. पण भोकांची कड एकदा फुटली की त्या खुर्चीला वेत कायमचा संपला.

माझे वडील सुतार होते, मीही हेच करतो. बैठकीच्या आधी सांधे बघा. खुर्ची सपाट फरशीवर ठेवा, पाठीला धरून तिरकी हलवा. कुरकुरली तर सांधा सुटलाय. सोलापूरच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, त्यामुळे जुन्या खुर्च्यांचे मागचे सांधे हमखास ढिले असतात. ढिल्या खुर्चीवर वेत विणला तर चौकट हलत राहते आणि नवा वेत भोकाच्या कडेवर घासून तुटतो.

जुन्या खुर्च्या सरसाने चिकटवलेल्या असतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद, गरम करून लावतात. याचा फायदा असा की ओलसर गरम फडकं सांध्याला गुंडाळून ठेवलं की तो सुटतो. हातोडीने ठोकून काढू नका, लाकूड चिरतं. सुटल्यावर जुना सरस पटाशीने खरवडून पूर्ण काढा, मगच नवा गोंद. जुन्यावर नवा धरत नाही.

मोठे क्लॅम्प नसतील तर चारी पायांभोवती सुती दोरीचे दोन फेरे घाला, मध्ये लाकडी दांडकं अडकवा आणि पीळ द्या. खुर्ची चारी बाजूंनी आवळून येते. दोरीखाली पुठ्ठा ठेवायला विसरू नका, नाहीतर पायावर वळ उठतात. एक रात्र तशीच राहू द्या.

आणि उन्हाळा४४, प्लायबद्दल माझं स्पष्ट मत: चौकटीला न ठोकता नुसती वर ठेवायची गादी करा, चालेल. ठोकायची नाही.

सातरस्ता · ३ मार्च, सकाळी ७:२०
रंधादादा, मनापासून आभार. आत्ताच सहाही हलवून पाहिल्या. चार कुरकुरतात. बैठकीचं इतकं मनात होतं की सांध्यांकडे लक्षच गेलं नव्हतं.

होटगीरोड · ३ मार्च, सकाळी ९:३०
प्लॅस्टिकची वायर का नको? माझ्या व्हरांड्यातल्या दोन खुर्च्या नायलॉनच्या वायरने विणून घेतल्या, बारा वर्षं झाली. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, त्यात वेत कडकडीत वाळून तुटतो. वायरला पाणी नको, काही नको.

कवडसा · ३ मार्च, सकाळी १०:०२
वायर टिकते, मान्य. पण उन्हाळ्यात तिच्यावर बसलं की पाठ आणि मांड्या घामाने चिकटतात. वेताच्या जाळीतून वारा खेळतो. आपल्यासारख्या गावात तर वेतच हवा, असं मला वाटतं.

माजी_मास्तर · ३ मार्च, दुपारी ४:४५
या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी अंध मुलांच्या शाळेत हस्तव्यवसाय शिकवायचो. खुर्ची विणणं हा आमच्या शाळेचा मुख्य विषय होता. एके काळी सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत, कोर्टात वेताच्या खुर्च्या असत आणि त्या विणण्याच्या कामावर अंध कारागीर असत. कचेऱ्यांत फोमच्या फिरत्या खुर्च्या आल्या आणि ते काम आटलं. "विणणारं कोणी नाही" असं सुतार म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. विणणारे आहेत, त्यांच्याकडे खुर्च्या येईनाशा झाल्या. जवळच्या अंध शाळेत किंवा संस्थेत चौकशी करा.

स्वतः शिकायचं असेल तर सांगतो. आमची मुलं न बघता करायची, तुम्ही तर बघून करणार.

वेत म्हणजे एका काटेरी वेलीसारख्या ताडाची साल. आतला गाभा वेगळा काढतात, तो टोपल्यांना जातो. बैठकीला वापरतात ती वरची चकचकीत सालीची पट्टी. चकाकी नेहमी वर. बोटाने कळतं: वरची बाजू गुळगुळीत, खालची खरखरीत. विणण्याआधी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायचा, जास्त नाही. फार भिजला की काळवंडतो. एका वेळी चार-पाच पट्ट्याच भिजवा.

तुमच्या खुर्चीची पुढची बाजू रुंद, मागची अरुंद. म्हणून सुरुवात मधोमध: पुढचं अठरावं भोक आणि मागचं पंधरावं. तिथून एका कडेला जायचं, मग दुसऱ्या. कडेला जी भोकं उरतात, त्यांत आखूड उभ्या पट्ट्या शेजारच्यांना समांतर राहतील अशा घालायच्या.

पहिला फेरा उभा, मागून पुढे. दुसरा आडवा, नुसता पहिल्याच्या वर टाकायचा, विणायचा नाही. तिसरा पुन्हा उभा, त्याच भोकांतून, पहिल्याच्या जरा उजवीकडे. चौथा आडवा, आणि इथे विणकाम सुरू होतं: तिसऱ्या फेऱ्याच्या वरून, पहिल्याच्या खालून. चौथा झाला की सगळं ओलं करून दोन टोकदार काड्यांनी जोड्या सरळ करायच्या. चौकोन स्वच्छ दिसले पाहिजेत. मग दोन तिरके फेरे. एक तिरकी पट्टी उभ्या जोडीवरून आणि आडव्या जोडीखालून जाते, दुसरी तिरकी बरोबर उलट. शेवटी भोकांवरून जाड पट्टी ठेवून बारीक वेताने काठ बांधायचा.

तिरक्या फेऱ्यात सगळे चुकतात. माझी मुलं आवाजावरून ओळखायची. बरोबर दिशेने गेलेली पट्टी जोड्यांच्या कोपऱ्यात सरकून बसते, आवाज येत नाही. चुकीची गेली तर खरखरते आणि अडून राहते. अशी एक ओळ जरी झाली तरी काढा. अडलेला वेत पुढे तिथेच तुटतो.

भोकं मोजायला आमचा एक विद्यार्थी डाव्या अंगठ्याचं नख वापरायचा. बोलत बोलत नख भोकावरून भोकावर टेकवत जायचा आणि बरोबर जागी थांबायचा.

शेंगाचटणी · ३ मार्च, सायं. ५:१०
मास्तर, दोनदा वाचलं. आता मलाच एक खुर्ची आणावीशी वाटतेय.

पूर्वभाग · ३ मार्च, रात्री ८:२५
मास्तरांचा प्रतिसाद मी आमच्या मामांना वाचून दाखवला. आमचं घराणं विणकरांचं. पणजोबा तेलंगणातून इथे आले, साखर पेठेत हातमाग होते, मग यंत्रमाग. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा तर मागच आहे की. दोन ताणे, दोन बाणे. फक्त ह्याला धोटा नाही." (ताणा म्हणजे उभे धागे, बाणा आडवे, आणि धोटा आडवा धागा इकडून तिकडे नेतो.) मग त्यांनी विचारलं, "पहिला ताणा किती ताठ ठेवतात?" मास्तर, हा त्यांचा प्रश्न तुमच्यासाठी. मामांचं म्हणणं, ताणा ढिला असेल तर पुढे काहीही करा, कापड बिघडतंच.

माजी_मास्तर · ३ मार्च, रात्री ९:००
मामांना माझा नमस्कार सांगा. वेतात हे थोडं उलटं आहे. पहिला फेरा हाताने ओढून सरळ ठेवायचा, पण आवळायचा नाही. तळहाताने दाबला तर किंचित खाली जायला हवा. पुढचे पाच फेरे त्याच्यात वर-खाली शिरत जातात आणि प्रत्येक फेऱ्याने तो ताठ होतो. सुरुवातीलाच ताठ ठेवला तर तिरक्यांना जागाच उरत नाही.

पूर्वभाग · ३ मार्च, रात्री ९:३५
मामा म्हणाले, "बरोबर आहे. सुताला ताण देणारा माग असतो. इथे वेतच वेताला ताण देतो."

अजून एक सांगायचं होतं. वेतच का, असा प्रश्न मला पडला. आपल्याकडे सूत आहे, नवार आहे. बाजेला नवार भरतात तशी खुर्चीला भरली तर? माझ्या आत्याकडे तशा दोन खुर्च्या आहेत, पिवळी-तांबडी चौकटीची वीण, दिसतात फार सुंदर.

रंधा · ३ मार्च, रात्री १०:१०
नवार छानच, पण ती चौकटीच्या दांड्याभोवती गुंडाळावी लागते. ताईंच्या खुर्चीला भोकं आहेत. पायाच्या दांड्यांवर पूर्ण गुंडाळायची खुर्ची वेगळी, भोकांची वेगळी. चौकट सांगेल ते करावं.

भीमाकाठ · ४ मार्च, सकाळी ८:१५
लहानपणी आमच्या गावाकडे घायपाताच्या वाखाचे दोर वळून बाज विणायचे. त्या बाजेवर अंगणात झोपलं की सकाळी पाठीवर विणीचे ठसे. बाज सैल झाली की पायथ्याची दोरी ओढून ताणायची, ते काम माझं. ही गोष्ट कित्येक वर्षांनी आठवली.

कवडसा · ४ मार्च, सकाळी ११:४०
वेताच्या खुर्चीचा विषय निघालाच आहे म्हणून. व्हिएन्नाच्या थोनेट या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची १४ नंबरची खुर्ची १८५९ सालची. बीच नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर वाकवलेलं आणि बैठक वेताची. सुटे भाग करून अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, म्हणून ती जगभर गेली. मुंबईच्या इराणी हॉटेलांत ज्या वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या दिसतात, त्या याच घराण्यातल्या.

आणि चंदीगडचं तर सर्वांना माहीत असेल. १९५० च्या दशकात वास्तुकार पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या झाल्या. पुढे मोडक्या म्हणून ढिगाने भंगारात गेल्या, आणि आता परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखांत किंमत येते. कचेरीच्या गच्चीवर उन्हा-पावसात पडलेल्या त्या खुर्च्यांचे फोटो पाहिले तेव्हा फार हळहळ वाटली. सागवान तेच, वेत तोच. फक्त कोणी विणून घेतल्या नाहीत.

उन्हाळा४४ · ४ मार्च, दुपारी १:०५
हे माहीत नव्हतं. आमच्या गच्चीवर अशीच एक पडलीय, संध्याकाळी खाली आणतो.

सातरस्ता · ६ मार्च, रात्री १०:३०
दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वेत कुठे मिळेल? इथले बुरूड बांबूची सुपं-टोपल्या करतात, त्यांच्याकडे बैठकीचा वेत नाही. आणि पॉलिशचं काय करू? गेल्या वर्षी एक खुर्ची एका पॉलिशवाल्याकडे दिली होती. त्याने मशीन लावून पार पांढरी करून आणली. खुर्चीच्या हातांवर वापरून वापरून आलेला तो गडद रंग, आजोबांच्या कोपराची जागा, सगळं गेलं. त्या दिवशी मी रडले होते.

रंधा · ६ मार्च, रात्री ११:१५
वाईट वाटलं ताई. बाकीच्या पाच तरी मशीनकडे देऊ नका.

जुनं पॉलिश कोणतं आहे ते आधी बघा. बैठकीच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवा. चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश. मग काही काढायची गरज नाही. साबणाच्या पाण्यात पिळून काढलेल्या फडक्याने मळ पुसा, वाळू द्या, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलका हात फिरवा, आणि वरून नवं लाखेचं पॉलिश. जुन्या थरात ते विरघळून एकजीव होतं.

लाखेच्या पापड्या काचेच्या बरणीत स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा आणि गाळून घ्या. मलमलच्या फडक्यात कापूस घालून बोळा करा. गोल गोल, पातळ हात. एक थर वाळला की दुसरा. मार्च-एप्रिलची आपली कोरडी हवा याला उत्तम, पावसाळ्यात हे पॉलिश पांढुरकं पडतं. मात्र त्यावर गरम भांडं ठेवलं तर डाग पडतो. खुर्चीला तो प्रश्न नाही.

क्रम लक्षात ठेवा: सांधे, मग पॉलिश, मग वेत. वेत विणल्यावर पॉलिश केलं तर भोकांत आणि विणीत थेंब अडकतात.

माजी_मास्तर · ७ मार्च, सकाळी ७:५०
वेतासाठी पुण्याच्या बुरूड आळीत चौकशी करा. भोकांमधलं अंतर मोजून न्या, त्यावर वेताची रुंदी ठरते. तुमचं अंतर बारा मिलिमीटरच्या आसपास असेल तर अडीच मिलिमीटर रुंदीची पट्टी चालेल. एका बैठकीला ऐंशी-नव्वद मीटर लागेल. घेताना पट्टी बोटाभोवती वळवून बघा. चरचरून तंतू उठले तर जुना माल आहे, घेऊ नका. इंडोनेशियाने २०१२ पासून कच्चा वेत बाहेर पाठवणं बंद केल्यावर चांगल्या वेताची निवड जपूनच करावी लागते.

होटगीरोडांचा मुद्दा खरा आहे, आपल्या उन्हाळ्यात वेत वाळतो. त्यावर उपाय असा: पंधरा दिवसांतून एकदा खुर्ची उलटी करून ओलं फडकं खालून फिरवा. वरची बाजू चकचकीत, ती पाणी घेत नाही, खालची घेते. ज्या दोन खुर्च्यांना झोळ आलीय पण वेत तुटलेला नाही, त्या फाडू नका. खालून गरम पाण्याचं फडकं अर्धा तास ठेवा, मग सावलीत वाळवा. वाळताना वेत आकसतो, झोळ बरीच वर येते.

सातरस्ता · ८ मार्च, रात्री ९:२०
मास्तर!! झोळ आलेल्या दोन्ही खुर्च्यांना फडकं ठेवलं. आज सकाळी एक तर जवळजवळ सपाट. दुसरी निम्मी आली. घरातले सगळे येऊन हात लावून गेले.

होटगीरोड · ८ मार्च, रात्री ९:४५
हे ऐकून माझं मत बदलत चाललंय. व्हरांड्यात वायरच राहील, उन्हा-पावसाला ती बरी. आतल्या खुर्चीला वेत करून बघतो.

सातरस्ता · २९ मार्च, रात्री ११:५०
मंडळी, पहिली बैठक आज पूर्ण झाली. तीन आठवडे, रोज संध्याकाळी बँकेतून आल्यावर तासभर, रविवारी जास्त. सांधे रंधादादांनी सांगितलं तसे सोडवले, दोरीचा पीळ देऊन बसवले. खुर्ची आता हलत नाही.

दुसऱ्या तिरक्या फेऱ्यात मी सहा ओळी चुकीच्या दिशेने घातल्या. पट्टी खरखरत होती, पण वाटलं वेत वाळलाय, म्हणून पाणी मारत राहिले. सातव्या ओळीला पट्टी तुटली तेव्हा मास्तरांचं वाक्य आठवलं. सहाही काढल्या. बरोबर दिशेने घातली तशी पट्टी एकदम सरकली, कोपऱ्यात जाऊन बसली, आणि जाळीत आठ कोनांचं भोक तयार झालं. त्याच्या शेजारी दुसरं. मग मला उठवेना. रात्रीचा दीड वाजला.

आज वाळल्यावर टिचकी मारली तर हलगीसारखी वाजली. आई त्या खुर्चीवर बसून जेवली. ऐंशीची आहे. इतकी वर्षं ज्या खुर्च्यांची धूळ पुसली, त्यांवर बसून ताट पुढे घेण्याची तिची ही पहिलीच वेळ. भाकरी मोडता मोडता मध्येच थांबली आणि हात बैठकीखाली घालून वीण चाचपून बघत राहिली.

पूर्वभाग · ३० मार्च, सकाळी ६:३०
मामांना फोटो दाखवला. चष्मा लावून मोठा करून बघितला. म्हणाले, "कडेची चौथी ओळ जरा वाकलीय. बाकी माल चांगला आहे." त्यांच्याकडून "चांगला" ऐकायला आम्हाला वर्षं लागली होती ताई.

माजी_मास्तर · ३० मार्च, सकाळी ८:००
शाबास. काठ बांधायची घाई करू नका, आठवडाभर रोज बसा, मग बांधा. आणि दुसरी खुर्ची तुम्ही निम्म्या वेळात कराल.

सातरस्ता · ३० मार्च, सकाळी ८:२५
हो मास्तर. दुसरी आजच भिजत घालते. पण ती प्लाय ठोकलेली राहिलीच. खिळे अगदी भोकांच्या रांगेत आहेत. उपटू का?

रंधा · ३० मार्च, सकाळी ८:४०
उपटू नका! प्लाय आणि चौकट यांच्या फटीत पातळ पत्र्याची पट्टी सरकवा, थोडी फट वाढली की हॅकसॉचं नुसतं पातं घालून खिळा आडवा कापा. प्लाय अलगद निघेल. चौकटीत उरलेलं खिळ्याचं टोक खालून बारीक पंचने ठोकून बाहेर काढा. फुटलेल्या भोकात सागाच्या चिपा गोंद लावून घट्ट भरा, दोन दिवस वाळू द्या, मग गिरमिटाने पुन्हा भोक पाडा, शेजारच्या भोकांच्या सरळ रेषेत. जमलं नाही तर रविवारी येतो मी, हत्यारं घेऊन. मलाही ती खुर्ची बघायचीय.

शेंगाचटणी · ३० मार्च, सकाळी ८:४४
रविवारी मी पण येऊ का? भिजवायला, धरायला, कशालाही.

सातरस्ता · ३० मार्च, सकाळी ८:५०
या की सगळे. बसायला सध्या चार खुर्च्या आहेत, बाकीच्यांना पाट.